कायदा पाळणारा माणूस

नरेंद्रनं डायनिंग टेबलाची एक खुर्ची ओढून हॉलच्या मधोमध ठेवली, तिच्यावर ताठ बसला आणि ब्लेझरचं बटण लावलं.

"हं. तू सरकारी वकील. विचार."

पद्मजा भेंडी पुसत होती. हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं नाही.

"डॉक्टर, तुमचा फाशीला विरोध का आहे?"

"इंग्लिशमध्ये विचार ना. मराठीत मला फ्लो येत नाही."

तिनं इंग्लिशमध्ये विचारलं. नरेंद्रनं घसा साफ केला. सरकारकडून चूक झाली तर मेलेला माणूस परत आणता येत नाही. ज्याला चांगला वकील परवडत नाही, बहुतेक वेळा तोच मरतो. आणि खून वाईट असतो हे सांगायला सरकारनं स्वतः खून करायचा नसतो. दीड मिनिटात त्यानं संपवलं.

मुद्दे रीमाचे होते. शिकागोत शाळेत शिकवणाऱ्या या मुलीशी त्याचं दहा वर्षं याच विषयावरून वाजत आलं होतं. परवा त्यानं फोन करून "तुझे पॉइंट्स पाठव" म्हटलं, तेव्हा तिला खरंच वाटेना.

"रिअली, बाबा? आय ॲम सो प्राउड ऑफ यू."

"थँक यू, बेटा," नरेंद्र म्हणाला होता आणि पद्मजाकडे बघून त्यानं डोळा मारला होता.

ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा नागरिकांत बसायचं, बोलावणं दुसऱ्यांदा आलं होतं. पहिली तारीख त्यानं गुडघ्याचं निमित्त करून पुढे ढकलली होती. या वेळी खटला खुनाचा होता. गॅस स्टेशनवरच्या कॅशियरला गोळी घातल्याचा आरोप तेवीस वर्षांच्या एका मुलावर होता आणि सरकार मृत्युदंड मागणार होतं. खटला सहा आठवडे चालणार, आणि त्यातल्याच एका आठवड्यात अलास्काची क्रूझ होती. चार जोडपी, बाल्कनीच्या केबिन.

तोडगा क्रूझवर बरोबर येणाऱ्या श्रीरामनं काढला होता. "फॉर्मवर लिही, मृत्युदंडाला विरोध आहे. असल्या केसमध्ये विरोधवाल्यांना सरळ घरी पाठवतात, यार."

सगळे हसले होते. हसण्यासारखंच होतं. मागच्याच शनिवारी याच घरात हातात बिर्याणीची प्लेट घेऊन नरेंद्र म्हणाला होता, "फाशीऐवजी इंजेक्शन म्हणजे लाड झाले. माझ्या पेशंट्सनासुद्धा इतकी शांत झोप लागली नाही कधी." अडतीस वर्षं हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काढलेल्या माणसाचं मत म्हणून सगळ्यांनी ते मान डोलावून ऐकलं होतं.

"आणि आपल्या रीमाला कुणी मारलं असतं तर?" पद्मजानं आता मराठीत विचारलं.

"असं नाही विचारणार ते."

"मी विचारतेय."

"तर मी स्वतःच्या हातानं सुई टोचीन. पण हे तिथे बोलायचं नाही, एवढं कळतं मला. पुढचा प्रश्न?"

तिनं पुढची भेंडी पुसायला घेतली.

मंगळवारी तिनंच गाडी चालवली. कोर्टात ती शेवटच्या बाकावर बसली. तिच्या पुढच्या बाकावर आरोपीची आई होती. आरोपी उसन्या वाटणाऱ्या कोटात, मान खाली घालून बसला होता. दोन्हीकडचे वकील एकेका माणसाला बोलावून स्वतंत्र प्रश्न विचारत होते. नरेंद्रचा नंबर साडेदहाला लागला.

तो उत्तम बोलला. घरी दीड मिनिटाचं होतं ते इथे तीन मिनिटांचं झालं. मधे एकदा तो थांबलाही, जणू आवंढा गिळतोय. पुढच्या बाकावरच्या बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सरकारी वकील उठला. हा गृहस्थ ज्युरीवर चालणार नाही, याला वगळावं, असं तो म्हणाला. नरेंद्रनं ब्लेझरची बाही ओढून घड्याळ पाहिलं.

जजनं चष्मा काढला. "डॉक्टर, तुम्ही मत बदला असं कुणी म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, ते मत बाजूला ठेवून तुम्ही कायद्याप्रमाणे वागू शकाल का?"

नाही, एवढं एकच म्हणायचं होतं. पण या देशात आल्यापासून तो रिकाम्या रस्त्यावरही स्टॉपच्या पाटीपाशी पुरते तीन सेकंद थांबत आला होता. नातू शोभेल अशा वयाच्या पोलिसालाही तो सर म्हणायचा. आणि आता उंचावर बसलेला, काळ्या झग्यातला एक माणूस भर कोर्टात त्याला विचारत होता की तू कायदा पाळतोस ना.

"ऑफ कोर्स, युवर ऑनर," नरेंद्र म्हणाला. "आय हॅव ऑलवेज फॉलोड द लॉ."

"ऑलवेज?" सरकारी वकिलानं विचारलं.

"ऑलवेज, सर."

सरकारी वकील त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग आपली हरकत मागे घेऊन तो खाली बसला. बचावाची तरुण वकील बाई घाईनं उठली आणि आपल्याला हे गृहस्थ मान्य आहेत म्हणाली. बसताना ती आरोपीच्या कानात काहीतरी बोलली. आरोपीनं पहिल्यांदा मान वर केली आणि नरेंद्रकडे पाहिलं.

"केसबद्दल बायकोशीसुद्धा बोलायचं नाही म्हणाले जज," गाडीत पट्टा लावताना नरेंद्र म्हणाला, आणि मग वाटभर बोलत राहिला. "चीटिंग आहे हे. विरोध आहे म्हटल्यावर सोडायला नको? आणि तो पोरगा कसा बघत होता, पाहिलंस? जसा काही मी त्याचा मामाच!"

"त्या वकील मुलीनं तुम्हाला का ठेवलं, कळलं?"

"बोललोच तसा मी."

"हो. आणि सरकारी वकिलानं?"

नरेंद्रनं एसी वाढवला.

"त्याला तुम्ही कळलात," पद्मजा म्हणाली. लेन बदलून ती उजवीकडे आली. "ज्युरीतले बाराही जण हो म्हणाले तरच तो मुलगा मरणार. एक जरी नाही म्हणाला तरी जन्मठेप. तिला वाटतंय, तो एक तुम्ही."

"तो तिचा प्रॉब्लेम. माझे सहा आठवडे घालवतायत ना? मग आत बसून मी काय करतो ते बघच तू." त्यानं फोन काढला. "श्रीराम? अरे भानगड झाली. क्रूझ कॅन्सल. नाही रे, घेतलं मला! मलाच घेतलं!" पलीकडच्या हसण्यात हळूहळू तोही सामील झाला.

"त्या वकील मुलीचं नाव काय?" पद्मजानं विचारलं.

कोर्टानं सगळ्यांना वाटलेला कागद त्याच्या खिशात होता. दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं आणि ऑफिसचे पत्ते त्यावर होते. फोन कानाला तसाच धरून त्यानं तो तिच्या मांडीवर टाकला.

"कशाला हवंय?"

"असंच."

घर आलं तेव्हा बाराही वाजले नव्हते. नरेंद्र बोलत बोलतच उतरला. "गाडी आत घे, ऊन आहे," असं मधेच तिला सांगून त्यानं गॅरेजचं दार उघडलं आणि घरात गेला.

दार पूर्ण वर जाईपर्यंत पद्मजा थांबली. कागद उघडून तिनं त्या वकील मुलीच्या ऑफिसचा पत्ता वाचला. मग मागे वळून रस्ता मोकळा आहे ना ते पाहिलं, आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकली.