मला स्कार्न म्हणतात

विश्वास कशावर ठेवाल हो, निवडणाऱ्याच्या हातावर की मुकादमाच्या शब्दावर? मी दोघांच्याही हाताखालून गेलोय, म्हणून विचारतो.

मी एक दगड. हिरवट, मधूनमधून तपकिरी दाणे. स्वीडनमधल्या लोखंडाच्या खाणीत खनिजाला अगदी खेटून जन्मलो. शेजारी भट्टीत गेले, लोखंड झाले. मला खाणकऱ्यांनी नाव दिलं स्कार्न. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ घाण, टाकून द्यायचा माल. बारशालाच शिवी पडली म्हणा ना!

खाणीच्या तोंडाशी, छपराखाली बायका हातोडीनं दगड फोडून निवडत. खनिज पेटीत, आम्ही ढिगावर. त्यांत बोटिल्दा होती. नवरा खाणीतच गेलेला. राहतं घर खाणीचं, काम आहे तोवरच डोक्यावर छप्पर. तिनं मला उलटंसुलटं पाहिलं, "जा बाबा तुझ्या वाटेनं," म्हणाली आणि ढिगावर फेकलं.

मुकादम एलॉफनं मला उचललं. बर्फ घट्ट असेपर्यंतच घसरगाड्या भट्टीवर जात, आणि त्या वर्षी पेट्या भरत नव्हत्या.

"टाक पेटीत."

"अहो मुकादम, स्कार्न आहे हा!"

"जड आहे ना? मग झालं. भट्टीला काय डोळे असतात?"

"भट्टीवाल्याला असतात की!" शेजारची हेल्गा खिदळली.

असतातच. पेट्यांत माझ्यासारखे कितीतरी पाहून त्यानं अख्खी गाडी परत पाठवली. खाणीच्या मालकासमोर एलॉफनं मलाच वर धरलं. "बघा बाईची निवड! हात झोपलेत हिचे."

"तुम्हीच टाकायला लावलंत!" बोटिल्दानं हेल्गाकडे पाहिलं. "सांग की गं!"

हेल्गाचंही घर खाणीचंच. राय धान्याच्या भाकरीचा तुकडा चघळत ती खाली बघत राहिली. खरं मला ठाऊक होतं. पण दगडाला कोण विचारतो?

बर्फ वितळायच्या आत बोटिल्दाचं काम गेलं, ती घराबाहेर पडली. किल्ली एलॉफनंच मागून घेतली. मी पुन्हा ढिगावर.

पुढे विद्वान आले. त्यांना खाणकऱ्यांचा शब्द आवडला. जसाच्या तसा ग्रंथांत घातला. आता जगभरचे भूशास्त्रज्ञ मला मानानं स्कार्न म्हणतात. काचेच्या कपाटात ठेवलंय मला. शिवीचा किताब झाला, पण घशाखाली उतरत नाही. मला कपाट मिळालं, तिचं घर गेलं.

तुमचाही काही धंदा असेल. माल कधी ना कधी परत येईलच. तेव्हा हिशेब खरा मांडा एवढंच मागतो: टाकाऊ काय निघालं ते लिहाल, तसं ते पेटीत कोणी टाकायला लावलं, तेही लिहा.