बुधवारचं मशीन

कपडेपटातल्या तिन्ही मुली मोबाइलभोवती डोकी जुळवून बसल्या होत्या. कुठलासा नट एका समारंभात भडकून मंत्र्यांच्या सुनेबद्दल नको ते बोलून गेला होता. चहा होईपर्यंत मुलींनी त्या सुनेचा घटस्फोटही ठरवून टाकला.

"आग असल्याशिवाय धूर निघतो का, मावशी?"

"बटणं लावा मुकाट्याने," मावशी म्हणाल्या.

नाट्यगृहाचा हा कपडेपट मावशींच्या हाती आला तेव्हा त्या ऐन तरुण होत्या. खोलीत दोन मशिनं होती. दुसऱ्यावर दर बुधवारी, मागच्या दाराने येऊन, एका बड्या पुढाऱ्याची बायको बसायची. जगाच्या त्या वहिनीसाहेब. मावशींची मात्र एका गल्लीत वाढलेली मैत्रीण. तिची आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. लग्नानंतर पुढाऱ्यांनी लोकांपुढे बायकोला बड्या घराण्यातली करून टाकलं आणि तिच्या मशिनला घराबाहेर काढलं. म्हणून ती इथे यायची. नाटकातल्या राजाच्या अंगरख्याला अस्तर लावता लावता ती नवऱ्याच्या भाषणांची अशी नक्कल करायची, की हसताना मावशींच्या बोटात सुई घुसायची. काय दिवस होते ते!

मग 'वागणूक बरी नाही' म्हणून पुढाऱ्यांनी त्याच नाटकातल्या नायिकाबाईंचं सरकारी बक्षीस अडवलं. बाई भर सभेत माइक धरून कडाडल्या, "मला वागणूक शिकवता? आधी विचारा, तुमच्या वहिनीसाहेब दर बुधवारी आमच्या मागच्या दाराने कुणाला भेटतात ते!"

झालं! पराचा कावळा व्हायला कितीसा वेळ लागतो? लोकांनी नाटकातल्या नायकाशी वहिनीसाहेबांचं नाव जोडलं. तो बिचारा बायकोला विचारल्याशिवाय शिंकतही नसे. पण दिसायला देखणा होता, तेवढं पुरलं.

मावशींनी तडक मैत्रिणीला फोन केला. "मी सांगते सगळ्यांना, तू माझ्याकडे शिवायला येत होतीस म्हणून."

"नको गं. लफडं लोक विसरतील. पण यांचं खोटं उघडं पडलं, तर हे मला घरात जगू देणार नाहीत."

मावशी गप्प बसल्या. मैत्रीण पुन्हा आली नाही. दुसरं मशीन भंगारात काढायला मॅनेजर अधूनमधून यायचा आणि मावशींच्या शिव्या खाऊन परत जायचा. तिची आठवण त्यांना रोजच यायची, बुधवारी जरा जास्त.

"अगं बाई, मावशी, हे बघा!"

नटाच्या निमित्ताने वार्ताहरांनी जुनं प्रकरण उकरून काढलं होतं. मोबाइलवर वहिनीसाहेब फाटकात उभ्या होत्या. पुढारी केव्हाच वारले होते, तिचे केस पांढरे झाले होते.

"तेव्हा कुणाला भेटायला जायचात?"

"मैत्रिणीला," ती म्हणाली. "माझी आई कपडे शिवायची. मलाही तेच आवडायचं. आता मंत्र्यांच्या त्या सुनेला तरी सुखाने जगू द्या."

"मावशी, रडताय?"

"मग काय नाचू?"

बुधवारी मावशींनी दुसऱ्या मशिनला तेल घातलं, मागच्या दाराची कडी काढली आणि वाट बघत बसल्या. दुपार टळली. कुणी फिरकलं नाही. स्वतःवरच चिडून त्या कडी लावायला उठल्या, तर पाठीमागून आवाज आला.

"तिकडे काय बघतेस? पुढून आलेय मी."

ती सरळ आपल्या मशिनवर जाऊन बसली, चष्मा चढवला.

"माझा अंगरखा कुठाय? अर्धं अस्तर राहिलं होतं."

राजाला मावशींनी तेव्हाच दुसरा शिवून दिला होता. हा त्यांनी कपाटाच्या तळातून काढून तिच्यापुढे ठेवला. तिने लावलेल्या टाचण्या अजून जिथल्या तिथे होत्या.