बिनठप्प्याचा बूट

मी डावा. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर गोंधळ नको. शाळेचा काळा, चिकटपट्टीचा बूट, आणि त्यातला डाव्या पायाचा. उजवा माझा भाऊ. तो स्वभावाने गरीब. माझं तोंड पहिल्यापासून मोठं, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

जन्म आग्र्याचा. साच्यात तळवा ओतला, वर काळं रेक्झिन चढवलं, कडेने शिवण मारली की झाला बूट. चामड्याचा वगैरे मी नाही, उगीच खोटं कशाला बोलू. त्या आठवड्यात एकाच साच्यातून आम्ही तीन हजार भावंडं निघालो. सगळ्यांच्या तळव्यावर तीच आठ पाकळ्यांची फुलं आणि टाचेवर साच्याचा तोच आकडा, सत्तेचाळीस. मग एक माणूस आला आणि रांगेतले हजारभर उचलून शेजारच्या मशीनकडे घेऊन गेला. तिथे त्यांच्या पट्टीवर नागपूरच्या एका शाळेचा ठप्पा बसला. ढाल, ढालीत दिवा. माझी पाळी यायच्या आत त्यांचा हजार पुरा झाला. फरक एवढाच. पुढे त्या ठप्प्याची किंमत ऐकली तेव्हा मला वाटलं, तो दिवा सोन्याचा असावा.

आम्ही बिनठप्प्याचे सीताबर्डीच्या एका दुकानात येऊन पडलो. जून सरत आला होता, शाळा उघडायला चार दिवस होते. दुकानाबाहेर लटकून माणसं बघायला मिळतात. बाप लोक आधी किंमत बघतात, मग बूट. आया आधी तळवा वाकवून बघतात. पोरं कुणाला काही विचारत नाहीत, सरळ पाय घालतात.

सरिता आली तेव्हा तिने तळवाही वाकवला आणि अंगठ्याने माझं नाकही दाबून पाहिलं. ती धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर काढायच्या खोलीत कामाला आहे. दिवसभर लोकांचे पाय तिच्या हातात. सोबत तिची मुलगी मिनल होती, दुसरीत गेलेली, समोरचे दोन दात पडलेली.

"शाळेच्या दुकानात हाच अकराशेले देऊन राहिले," सरिता दुकानदाराला म्हणाली. "मागच्या साली सातशेचा होता. सहा महिन्यांत पोरीच्या पायात येईना."

"माल हाच आहे ताई. त्याच्यावर ठप्पा आहे, याच्यावर नाही. साडेतीनशे द्या."

"तीनशे."

"एकाचे का दोन्हीचे?" दुकानदाराने विचारलं.

सरिता हसली आणि सव्वातीनशेवर सौदा ठरला. माप एक मोठंच घेतलं. पुढे कापूस कोंबला, आणि मिनल आम्हाला घालून बर्डीभर टपटप करत चालली. मला फार बरं वाटलं. बूट शेवटी पायासाठी असतो, दोरीसाठी नाही.

शाळेचं नाव मी घेत नाही. तिथल्या मोठ्या मॅडम म्हणजे प्रेमिला मॅडम. प्रार्थनेच्या वेळी त्या रांगेतून फिरायच्या, पण पोरांच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत. पहिल्याच दिवशी त्या आमच्यापाशी थांबल्या.

"हे कुठले?"

"बर्डीचे," मिनलने खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम निघाला. ज्यांच्या बुटाला शाळेचा ठप्पा नाही, त्यांनी बूट वर्गाबाहेर काढून ठेवायचे आणि आत अनवाणी बसायचं. अशी सात पोरं होती. आम्ही सात जोड्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचो आणि आतून पाढे ऐकू यायचे. मिनल मोठी ठसक्याची पोर. मैत्रीण भैरवीला म्हणाली, "माहे पाय थंडे राहतात, तुहे गरम." पण सुट्टीत आम्हाला घालताना ती इकडेतिकडे बघायची आणि पटकन पाय घालायची. लाज वाटत होती तिला. आणि मला राग येत होता, अगदी शिवणीपर्यंत.

एका दुपारच्या सुट्टीत दोघी पोरींनी पाण्याच्या टाकीपाशी बूट ओले केले आणि कोरड्या व्हरांड्यातून चालत गेल्या. भैरवीचे बूट ठप्प्याचे, अकराशेचे. मागे वळून बघतात तो फरशीवर फुलंच फुलं.

"ओळख, माहे कोणते?" भैरवीने विचारलं.

मिनलने वाकून वाकून पाहिलं. तिला ओळखता येईना, भैरवीलाही येईना. तेवढ्यात प्रेमिला मॅडम आल्या. ओल्या फरशीवरून बोलणी बसणार हे ठरलेलंच, पण मिनल मध्येच म्हणाली, "मॅडम, दोन्ही एकच आहेत. बघा ना."

मॅडमनी पाहिलं. नीट पाहिलं, आणि त्यांना कळलं, हे मी खालून बघत होतो. कळलं म्हणूनच त्या चिडल्या. म्हणाल्या, "एक बूट काढ. तो माझ्याकडे राहील. शनिवारी पालकसभा आहे, आईला पाठव." आणि मी ऑफिसच्या कपाटात जाऊन पडलो. तिथे दोन भोवरे, एक चक्री आणि कुणाची तरी लिपस्टिक होती. सगळे जप्त झालेले.

घरी काय झालं ते भावाने मला नंतर सांगितलं. मिनल त्याला हातात धरून अनवाणीच घरी आली. एका पायात बूट घालून चाललं तर लोक हसतात, म्हणाली. तिचे बाबा धम्मदीप कूलर दुरुस्तीचं काम करतात. ऊन उतरलं की त्यांचं कामही उतरतं. त्यांनी भावाला उलटसुलट करून पाहिलं.

"घेऊन टाकू ना वं ठप्प्याचे," ते म्हणाले. "कशाले नादी लागतं? शाळा मुश्किलीनं भेटली. पोरीचं नाव काढलं तर?"

"वरचे पावणेआठशे कशाचे, हे मले कोणी सांगावं," सरिता म्हणाली. "सांगितलं तर आत्ता देतो. आणि पैशाचं सोडा. सात दिवस झाले, पोरगी वर्गात अनवाणी बसून राहिली. अजून महिनाभर बसली तर तिले वाटन का आपली जागा अशीच असते. ते मले नाही चालत."

त्या रात्री जेवण कोणी नीट केलं नाही, असं भाऊ सांगतो.

शनिवारची सभा. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर पालक आणि काहींची पोरं, समोर टेबलामागे प्रेमिला मॅडम आणि संस्थेचे अध्यक्ष नानाजी. नानाजी म्हणजे पांढरेशुभ्र कपडे आणि सावकाश बोलणं. सरिता कापडी पिशवी घेऊन उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, "माझ्या पोरीचा बूट?"

शिपायाने मला कपाटातून आणून दिलं. सरिताने मला टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून भावाला काढून माझ्या शेजारी ठेवलं. मागे कुजबुज सुरू झाली. टेबलावर बूट म्हणजे काय.

"बाई, उचला ते," नानाजी म्हणाले. "पायातली वहाण पायातच बरी."

ही म्हण मी दुकानात लटकलो असतानाही ऐकली होती. ज्याने ती केली, त्याने वहाणेला विचारलं नव्हतं. आणि माणसं ती वहाणेबद्दल वापरतच नाहीत, हे मला त्या सभेत कळलं. धम्मदीप मागे बसले होते, त्यांनी मान खाली घातली. सरिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नानाजी, पायातच होती," ती म्हणाली. "तुमच्या शाळेनं काढायले लावली."

मागून कोणीतरी हसलं. भैरवीची आई उठली. दारापाशी जाऊन मुलीचा डावा बूट घेऊन आली आणि तो सरिताच्या हातात दिला. माझा सख्खा भाऊच तो, फक्त ढाल मिरवणारा. टेबलावर शाळेचं स्टॅम्प पॅड उघडंच होतं, आणि शेजारी ते परिपत्रक होतं, 'शाळेचे चिन्ह असलेलेच बूट अनिवार्य'. सरिताने माझी टाच पॅडवर दाबली आणि परिपत्रकावर टेकवली. मग भैरवीच्या बुटाची. कागद उचलून तिने पालकांकडे धरला. जांभळ्या शाईची दोन फुलं. खाली सत्तेचाळीस उलटा उमटला होता, पण दोन्हीकडे उलटाच.

"सांगा ना कोणी," ती म्हणाली, "याच्यातला अकराशेचा कोणता?"

नानाजींनी चष्मा काढून पुसला. मला जन्मात कोणी ठप्पा मारला नव्हता. त्या दिवशी मीच मारला, आणि तोही त्यांच्याच कागदावर.

संध्याकाळपर्यंत वस्तीत बातमी फिरली की सरिताने संस्थेच्या अध्यक्षांना बूट दाखवला. दाखवला होताच. लोकांना वाटला तसा नाही, एवढंच.

सोमवारी मॅडमनी सरिता आणि धम्मदीप दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक नवीन खोका होता. "हे मिनलसाठी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ठप्प्याचे आहेत. पैसे नको. मिनलपुरतं आपण इथेच मिटवू. मलाही वरच्यांचं ऐकावं लागतं हो, ते दुकान काही माझं नाही."

मी सरिताच्या पिशवीतून डोकावत होतो. धम्मदीपचा हात खोक्याकडे गेलेला मला दिसला. फुकटची जोडी, पोरगी वर्गात, भांडण संपलं. कोणाला नको असतं? त्यांनी खोका धरला आणि टेबलावरून मॅडमकडे परत सरकवला.

"मॅडम, बाकीच्या सहा पोराइचं काय?" ते म्हणाले.

सरिता नवऱ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आमाले फुकटचं नको. कोणतेही काळे बूट चालतील, एवढं लिहून लावा. नाही लावलं तर आम्ही सातही घरचे रोज इथं येऊन बसू, अनवाणी."

बुधवारी फलकावर चिठ्ठी लागली. अक्षर बारीक आणि खाली सही नाही. 'कोणतेही काळे बूट चालतील.' सही कोणाला हवी होती? आम्ही सात जोड्या पायांसकट वर्गात गेलो. वर्ग आतून कसा असतो ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाकाखाली खडूचे तुकडे आणि पेन्सिलीची सालं. मला फार आवडला.

इथे गोष्ट संपवायला हवी होती. पण माझ्या मोठ्या तोंडाला अजून एक सांगायचंय.

दिवाळीनंतर माझ्या पुढच्या भागात काही तरी चुकायला लागलं. मिनलची बोटं आत सरळ नसायची. चालताना ती बोटं मुडपून घ्यायची. मला आधी कळेना. मग कळलं. पाय वाढला होता आणि ती तो लपवत होती. घरात तिने सुस्काऱ्यासकट ऐकलं होतं ना, "एवढे तरी वर्षभर निघाले पाहिजेत." एवढ्या मोठ्या लोकांसमोर आई उभी राहिली, पण पोर आपल्याच पायाची चोरी करत होती. करंगळीला फोड आला तरी लंगडायची नाही. आणि हे सगळं मी आतून सोसत होतो, मी, ज्याने संस्थेच्या कागदावर शिक्का मारला.

मग एका सकाळी प्रार्थनेला उभं असताना मी फाटलो. पुढून, अंगठ्यापाशी, मोठ्ठा. लोक म्हणतील रेक्झिन हलकं होतं. म्हणू द्या. मी ठरवून फाटलो.

संध्याकाळी सरिताने बूट काढला, मोजा काढला आणि पाय हातात घेतला. बोटं लाल झाली होती, वाकलेली. दिवसभर लोकांचे पाय बघणारी बाई ती, तिला काही सांगावं लागलं नाही.

"काहून नाही सांगितलं वं?"

"पुन्हा बूट घ्या लागते ना," मिनल म्हणाली आणि रडायला लागली.

सरिताने बराच वेळ पाय सोडला नाही. बोटं एकेक करून सरळ केली. मग म्हणाली, "पाय वाढला तर त्यात तुही काय चुकी? वाढू दे. बुटाचं आम्ही पाहू."

आता मी दाराबाहेरच्या खिडकीत आहे. भाऊ शेजारी. तो धड आहे, पण माझ्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही, आणि त्याने त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. लवकरच आम्ही भंगारात जाऊ. जाऊ द्या. माझं एकच मागणं आहे. किंमत विचारा, ठप्प्याची वेगळी विचारा, आणि भांडायचं ते मोठ्यांशी भांडा. पण पोराचा अंगठा बुटाच्या टोकाला लागला की त्याच्यादेखत सुस्कारा टाकू नका. ते ऐकतं, आणि आतल्या आत बोटं मुडपून घेतं. बाहेरून तुम्हाला ते दिसायचं नाही.