क्लबहाउसमधला चिरा

"...आणि हा तो चिरा!" असं म्हणून विश्राम टिल्लूंनी चादर ओढली, तेव्हा क्लबहाउसमध्ये बरोबर एकतीस माणसं होती. त्यांनी ती मोजली होती. घोडबंदर रोडवरच्या सातशे फ्लॅटांच्या संकुलात रविवारी सकाळी एकतीस माणसं इतिहास ऐकायला येतात, म्हणजे पुष्कळच झालं.

छत्तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक कारकुनी केलेला हा माणूस. नोंदवहीत एक रकाना कधी कोरा सोडला नाही, एवढीच त्याची मिजास. निवृत्त झाल्यावर त्यांनी वारसा मंडळ काढलं आणि वेड लागल्यासारखे ते येऊरच्या डोंगराखालच्या आदिवासींच्या मागे लागले. म्हणजे त्यांच्या इतिहासाच्या. पंप रूममागच्या राडारोड्यात पालथा पडलेला हा दगड म्हणजे मंडळाची मोठीच कमाई. वर चंद्र-सूर्य, खाली काठी घेतलेला माणूस. विश्रामरावांनी तो चार दिवस स्वतः घासला होता.

"अहो, दगड आहे तो, कढई नव्हे," त्यांच्या पत्नी हेमाताई म्हणाल्यासुद्धा. पण विश्रामरावांच्या मते बिल्डरच्या माणसांनी त्यावर लाल ऑइलपेंट फासला होता, आणि तो बाथरूमच्या अ‍ॅसिडशिवाय निघेना.

पाटी त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिली होती. ती त्यांनी वाचून दाखवली. "मृत माणसाच्या आठवणीसाठी वारली समाजात असा चिरा बसवण्याची प्रथा होती. काळ अंदाजे तीनशे वर्षांपूर्वीचा. व्यक्ती अज्ञात."

टाळ्या झाल्या. "कोणाला काही विचारायचंय?"

मागे चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली रंगूबाई पुढे आली. सहा वर्षं ती क्लबहाउसची झाडलोट करत होती. लोकांनी कपासाठी हात पुढे केले. तिने ट्रे खुर्चीवर ठेवला, दगडासमोर उकिडवी बसली आणि काठीवाल्या माणसाच्या डाव्या पायावरून बोट फिरवलं.

"याचा शेंदूर कोनी काढला?"

"शेंदूर?" विश्रामराव म्हणाले.

"यो माझा बा हाय."

कुणीतरी हसलं आणि अर्ध्यातच थांबलं. रंगूबाई रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती नुसती दगडाकडे बघत होती.

"रामा हाडळ. मी धा-बारा वर्साची होते तवा भावानं कोरला. यो पाय मुद्दाम बारीक काढला, बा लंगडायचा म्हनून. आमचा पाडा इथंच होता ना. इमारतीचं काम निघालं, नि एक दिस सकाळी बघतो तं बा जाग्यावर नाय. सोळा वर्सं झाली. दर साल रिकाम्या जागेला निवद ठेवतो आमी." मग तिने मान वर केली. "आठवडा झाला, याच्या भवती लादी पुसते मी, काका. वर चादर होती ना."

सहा वर्षं हिच्या हातचा चहा पीत विश्रामराव वारल्यांवर बोलत होते, आणि बाई, तू कुठली, हे एकदाही विचारलं नव्हतं. पाटीवर त्यांच्याच अक्षरात 'व्यक्ती अज्ञात' लिहिलेलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली, की हातातली चादर खाली ठेवायचंही सुचेना.

सोसायटीचा सेक्रेटरी देवेश उठला. "ठीके ना, टेन्शन नका घेऊ मावशी. पाटी चेंज करू, वडिलांचं नाव टाकू. एसीमध्ये आहेत, सेफ आहेत. अजून काय पाहिजे?"

"घरी न्यायचा हाय त्याला."

"असं कसं? कमिटीपुढे ठेवावं लागेल."

"देवेश, कमिटी राहू दे," विश्रामराव म्हणाले. "मी आणलाय तो. मीच देतोय."

संध्याकाळी डोंगराखालच्या नव्या पाड्यावरचे चौघे बांबू आणि दोर घेऊन आले. उचलण्याआधी रंगूबाईने तेलात कालवलेला शेंदूर लावायला घेतला. पाय झाले, काठी झाली. तोंडापाशी तिचा हात थांबला. तिथे आता गुळगुळीत वाटोळं तेवढं उरलं होतं.

"डोळे होते याला," ती म्हणाली.

त्या वाटोळ्यावर ब्रश सगळ्यात जास्त फिरला होता, हे विश्रामरावांना चांगलं आठवत होतं. चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून.

गेटवर वॉचमनने अडवलं. "साब, मटेरियल बाहर ले जाना है तो गेटपास लगेगा." त्याने पावती पुस्तक पुढे केलं. त्यात पहिलाच रकाना होता, वस्तूचं वर्णन.

विश्रामरावांनी ते बाजूला सारलं आणि पाहुण्यांची वही ओढली. चौघे बांबू खांद्यावर घेऊन उभे होते. विश्रामरावांनी नाव लिहिलं, रामा हाडळ. पत्ता लिहिला, येथेच. त्यापुढचा रकाना होता 'कोणाकडे आले'. त्यावर पेन बराच वेळ टेकून राहिलं.

तो त्यांनी कोरा सोडला. जाण्याची वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं. मग चपला काढून ते कडेला उभे राहिले, आणि वॉचमनने गेटचा दांडा वर केला.