सरांच्या हातातला पेचकस

मी पेचकस बोलतोय. पुण्याकडं मला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात म्हणे. म्हणू देत बापडे! अहमदपुरात मला पेचकसच म्हणतात आणि मला तेच बरं वाटतं.

कुठल्या कारखान्यात घडलो ते काही आठवत नाही. पोलाद तापवलं, ठोकलं, पिवळी मूठ चढवली, झालं. तुला काय व्हायचंय, असं मला कुणी विचारलं नाही. जो धरेल त्याच्या मर्जीनं फिरायचं, एवढंच माझं जिणं. माणसाचा मात्र मला लई हेवा वाटायचा. त्याचा हात त्याच्याच मर्जीनं चालतो, असं मी धरून चाललो होतो.

गुरुपादप्पा सरांनी मला आणलं ते दारावर नावाची पाटी लावायला. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. चार स्क्रू लावताना त्यांना घाम फुटला, त्यातले दोन वाकडे गेले. मग मला टेबलाच्या खणात टाकलं ते वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही. एकटं पडणं काय असतं, ते मी त्या खणात शिकलो.

सोबत होती ती फक्त आवाजांची. रोज संध्याकाळी उमाशंकर सर यायचे. ते त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. काखेत छोटा रेडिओ असायचा, त्यांच्या वारलेल्या बायकोचा, नीलम्माचा. बातम्या झाल्या की दोघांचा वाद सुरू व्हायचा, आणि तोही चाळीस वर्षं एकच.

"सर, कप उचलायचं तुमी ठरवायच्या आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असती. यंत्रावर दिसतंय ते. मी ठरवलं, हे तुमाला मागून वाटतं," उमाशंकर सर म्हणायचे.

"आणि उचलता उचलता मी थांबलो तर? ते कोण थांबलं? सगळं मेंदूच करतो म्हणता, तर गुन्हेगाराला सोडून द्या की!"

"कुणी बी उचला," सरांच्या बायको, रत्नम्मा काकू, आतून म्हणायच्या, "चहा गार होऊन राहिला."

मी खणात पडल्या पडल्या आमच्या सरांच्या बाजूनं असायचो. माणूस आपल्या करणीचा धनी नसेल, तर तो आणि मी सारखेच की.

निवृत्तीनंतर सरांना कंपवात झाला. उजवा हात थरथरायला लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन-तीन महिन्यांत हात असा स्थिर झाला की काकूंनी पेढे वाटले. त्यानंतर एका सकाळी खण उघडला आणि सरांनी मला बाहेर काढलं.

काय सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! आधी पंख्याचं रेग्युलेटर उघडलं. मग मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, काकूंची शिलाई मशीन. सर सगळं खोलायचे, स्क्रू ओळीनं मांडायचे, आणि परत जोडायचे मात्र नाहीत. जेवण राहायचं, अंघोळ राहायची. पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. तिथं आनंद नव्हता.

"अवो, मुद्दाम करता का हे?" काकू रडकुंडीला आल्या.

"नाही गं. मला थांबायचंय. हात थांबत नाही."

गोळ्यांच्या डबीत एक कागद होता. सरांनी भिंग लावून तो वाचला. या गोळीनं काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची ओढ लागते, तसं झाल्यास डॉक्टरांना सांगावं, असं त्यात बारीक अक्षरात होतं. सरांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्याच खणात ठेवून दिला. काकूंना बोलले नाहीत, डॉक्टरांनाही नाही. "उमाशंकरला कळलं तर तो जिंकला," असं स्वतःशीच पुटपुटले. अहो, एवढा शिकलेला माणूस! पण मानापायी गप्प बसला.

त्याच आठवड्यात उमाशंकर सर हात धुवायला आत गेले, रेडिओ टेबलावर ठेवून. सरांच्या बोटांनी मला कधी उचललं, ते सरांनाही कळलं नसेल. पाहुणा परत येईस्तोवर रेडिओचे पाचही स्क्रू टेबलावर, आणि आतलं सगळं बाहेर.

"सर... नीलम्माचा होता हो तो."

एवढंच बोलून, रेडिओ तसाच टाकून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सर संध्याकाळी दाराकडं तोंड करून बसायचे. चौथ्या दिवशी त्यांनी तो कागद काढून काकूंच्या हातात दिला. "मला आधीच माहीत होतं," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

डॉक्टरांनी हळूहळू गोळी अर्ध्यावर आणली. ओढ पुष्कळ उतरली, पण थरथर परत आली. आणि नेमकं आता सरांना रेडिओ जोडायचा होता! जोडता येत होतं तेव्हा जोडावंसं वाटलं नाही. आता वाटत होतं, तर हात चालेना. आतले भाग कसेबसे बसवले, पण मी स्क्रूच्या खाचेतून सटकायचो, सर परत लावायचे. एका सकाळी एक स्क्रू बसायचा. मला धावून मदत करावीशी वाटायची, पण मी काय करणार?

चार स्क्रू बसले तेव्हा काकू स्वतः जाऊन उमाशंकर सरांना घेऊन आल्या. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं असावं, कारण आत येताच त्यांनी हात पुढं केला.

"द्या सर, मी बसवतो."

"नको. तुम्ही बसा."

शेवटचा स्क्रू तीनदा खाली पडला. तिन्ही वेळा उमाशंकर सरांनी वाकून तो उचलून दिला. चौथ्यांदा बसला. रेडिओ घोगरा का होईना, बोलायला लागला.

"हा मी माझ्या मनानं बसवला, उमाशंकर."

"अर्धी गोळी बी हाय त्यात, सर."

सर हसले. मी मात्र अजून त्यांच्या मुठीत होतो, आणि मला कळत होतं, मूठ आवळत चाललीय. त्यांची नजर पंख्याच्या नव्या रेग्युलेटरवर गेली होती. तेवढ्यात सरांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली आणि मला मित्रापुढं धरलं.

"हा घेऊन जा. माझ्या घरात नको."

"सर, हे तुमी ठरवलं का गोळीनं?"

"मला ठाऊक नाही. पण घेऊन जा. लवकर!"

आता मी उमाशंकर सरांच्या घरी, कपाटावरच्या डब्यात आहे. इथं कुणाला काही खोलायचं नसतं आणि मला कुणी हात लावत नाही. फार एकटं वाटतं. सरांची आठवण येते, त्या घामट तळहाताची सुद्धा. तुमच्या घरात कुणाचा हात चुकत असेल, तर त्याच्याशी अबोला धरायच्या आधी त्याला काय होतंय, एवढं विचारा. त्या दोघांच्या वादात कोण जिंकलं, ते मला सांगता येणार नाही. मला धरताना सरांचा हात कधी अडला नाही. पण मला सोडताना सरांचा हात किती झगडला, ते त्या खोलीत फक्त मला कळलं.