दात न आलेली मुलं

न्हाऊ घातलेल्या बाळाच्या कानाशी शिवांजली ‘वीरधवल’ म्हणाली, तशी शेकशेगडी सरकवणाऱ्या तिच्या सासूबाई, मनुबाई, थबकल्या.

“बारशाआधी नाव घेऊ नगंस पोरी. जीव अडकतो.”

तिनं ते हसण्यावारी नेलं. वीरधवल बारशापर्यंत पोचलाच नाही. पुरुषमाणसं त्याला दुपट्यात गुंडाळून शेताकडं घेऊन गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. कुठं ठेवलं, ते आईला सांगायचं नाही, अशी रीत. शिवांजलीनं सासऱ्यांना दोनतीनदा विचारून पाहिलं. हंबीरराव फौजेतून आलेले, शब्दाला जड. “हाय रानात,” एवढंच म्हणून ते पायताण घालून बाहेर पडायचे.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. शिवांजली सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. सुट्टीत सासरी रहिमतपूरला आली की सोप्यात बसून तासाची तयारी करायची. एक डोळा लॅपटॉपवर, एक थोरल्या लेकीवर, मायावर. माया झोपली तरी मधूनच तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

त्या दुपारी रोमन लोकांची शिल्पं चालली होती. विजयाच्या कमानी झाल्या, खांब झाले, सम्राटांचे दगडी चेहरे झाले. मग एक छोटी शिळा आली. गुबगुबीत पोर, हातात कबुतर. शेंगा फोडता फोडता मनुबाई पुढं सरकल्या.

“हे कुणाचं गं?”

दोन हजार वर्षांपूर्वी गेलेलं मूल, शिवांजलीनं सांगितलं. आईबापांनी खाली नाव कोरलंय, वय कोरलंय. आणि दात यायच्या आत गेलेलं मूल तेही जाळत नसत, पुरतच.

“आपल्यावानीच की.” शेंग बराच वेळ हातातच राहिली. “म्हंजी, तिथल्या आईला ठिकाण ठाव असायचं?”

शिवांजलीनं होकारार्थी मान हलवली. मनुबाई खालच्या आवाजात सांगू लागल्या. शिवांजलीच्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. तीही अशीच गेली. मनुबाईंच्या सासऱ्यांनी नेऊन ठेवली. कुठं, ते विचारायची सोय नव्हती.

उंबऱ्यात हंबीरराव उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

“चला. दोघीबी.”

रस्त्याकडेच्या उसात ते थांबले. तिथं हातभर जागा लागण न करता तशीच सोडलेली होती. शिवांजली खाली बसली. झोपलेल्याला थोपटावं तसा तिनं मातीवर तळवा टेकला.

मनुबाई उभ्याच होत्या.

“आवं, आन माजी?”

हंबीररावांनी लांबवर पसरलेल्या उसाकडं बघितलं. तेव्हा ते सीमेवर होते. ठिकाण माहीत असलेले त्यांचे वडील कधीच गेले होते, आणि जुने बांध मोडून रान एक झालं होतं.

“मला न्हाई ठाव.”

मनुबाईंनी पदर खोचला आणि सुनेला खेटून बसल्या.

“मग माजी बी हितंच समजते.”

सुट्टी संपली, शिवांजली सांगलीला परतली. सासरे फोनवर सांगतात, म्हातारी रोज दुपारी रानात जाऊन बसतीया. तिकडं जाणाऱ्या प्रत्येकाला शिवांजली विनवते, तुम्हालाही विनवते. रहिमतपूरकडं जाणं झालं, तर उसाच्या कडेला एक बाई बसलेली दिसेल. तिला उठवू नका. नुसतं उन्हात नाही ना, तेवढं बघून या.