अर्धा बार

गज पुरता आत गेला नाही. खूण नळीच्या तोंडापासून तीन बोटं वरच राहिली.

मी गज काढला, पुसला, पुन्हा सोडला. पुन्हा तीन बोटं. काल सकाळी याच ओसरीवर बसून मी ही बंदूक रिकामी केली होती. दारू ओतून टाकली होती, चिंधी काढून फेकली होती, आणि गज खुणेपर्यंत जातो हे दोनदा पाहून मगच सायकलवर टांग मारली होती.

"काय झालं, भाऊजी?" भागीरथावहिनी दारातून म्हणाली.

"काई नाई. साफ करून राह्यलो."

"करा. त्यायले साफ बंदूक आवडे."

त्यायले म्हणजे तानबाला. तानबा माझा वीस वर्षांपासूनचा मित्र आणि वहिनीचा नवरा. त्याला जाऊन पाच दिवस झाले होते. ज्वारीच्या राखणीला गेला आणि रानडुकराने त्याची मांडी कमरेपर्यंत फाडली. आतल्या खोलीत, त्याला शेवटचं निजवलं होतं तिथे, दिवा जळत होता. लेक नलू देवळीहून आली होती. ती चुलीपाशी बसून असायची आणि कोणी काही विचारलं तर मान हलवायची.

आर्वीच्या कचेरीत शस्त्रपरवान्यांचं टेबल माझं. परवानेवाला मेला की त्याची बंदूक ठाण्यात जमा झाली पाहिजे, हे मीच लोकांना कागदावर कळवत आलो. वहिनीलाही सांगितलं. ती म्हणाली, "दिवा हाय तवरोक बंदूक घरातून हलनार नाई." बरं, म्हटलं, दहा दिवसांनी काय बिघडतं? पण मयताच्या घरात भरलेली बंदूक नको, म्हणून चौथ्या दिवशी मी तपासायला आलो.

ठासणीच्या बंदुकीत काय आहे ते वरून दिसत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग शिशाची गोळी, आणि मागे घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी. तानबाने गजावर चाकूने एक खूण केली होती. ती नळीच्या तोंडाला भिडली तर बंदूक रिकामी. मी चौथ्या दिवशी गजाच्या टोकाला पितळी स्क्रू लावून चिंधी ओढली. हा स्क्रू माझ्या सामानातला, आणि त्या सामानातली कामी आलेली ही पहिलीच वस्तू. चिंधीच्या मागून दारू आली. गोळी नव्हतीच.

दारू आहे, चिंधी आहे, गोळी नाही. पाचव्या दिवशीही तेच निघालं. अर्धाच भरलेला बार.

सकाळचे आठ वाजले होते, अंगणात ऊन होतं, कोंबड्या फिरत होत्या, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार गेली.

माझ्या सामानाची तेव्हा तालुकाभर थट्टा व्हायची. चोपन्न साली माझा पगार तो किती, पण नागपूरच्या दुकानाची छापील यादी मी घरी मागवायचो आणि पोथीसारखी वाचायचो. बंदूक एकनळी, तीही एका निवृत्त रेंजरने वापरून टाकलेली. पण तिच्यावर काय काय चढवलं होतं! नळीला अडकवायची बॅटरी, पंचवीस काडतुसांचा चामडी पट्टा, सांबरशिंगाच्या मुठीचा सुरा, कॅनव्हासचं घडीचं स्टूल, आणि साफसफाईचं सामान मखमलीच्या पेटीत. दसऱ्याला आम्ही दोघांच्या बंदुका एकाच पाटावर मांडायचो. माझ्या सामानाला पाट पुरत नसे. तानबाचं म्हणजे ती ठासणीची, दारू ठेवायचं बैलाचं शिंग, गोळ्यांची थैली, आणि वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या.

"लक्ष्मन, तुया आंगावर इतकं सामान हाय, बंदूक ठेवाले जागा कोठी?" तो म्हणायचा.

"तुया बार भरेलोक ससा म्हातारा होते," मी म्हणायचो.

"होऊ दे. म्हाताऱ्या सशाले पयता येत नाई." आणि हसून हसून त्याला ठसका लागायचा.

एकच गोष्ट त्याने न हसता सांगितली होती. तेव्हाची काडतुसं कागदी. ओल लागली की फुगतात. "पट्ट्यात ठेवू नको बावा, डब्यात ठेव, चुन्याचे खडे टाकून," असं तो भर पावसाळ्यात दोनदा म्हणाला. पण डब्यातली काडतुसं कोणाला दिसणार? माझा पट्टा सबंध श्रावण-भादवा खुंटीवर, ओल्या भिंतीला टेकून लटकत होता.

सातव्या दिवशी पुन्हा गेलो. गज सोडला. तीन बोटं. चिंधी ओढली, दारू आली. नळी उलटी करून तळहातावर ठोकली, गोळी नाही. घरात आवाज नव्हता. दिवा तेवढा जळत होता, आणि त्या मोकळ्या जागेकडे पाहताना कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटलं.

वहिनीला मी विचारलं नाही. बाईमाणूस बंदुकीला हात लावील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चिंध्या फाडून देणं वेगळं, बार भरणं वेगळं. आणि विचारायचं तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. कारण तानबा मेला तेव्हा बार नेमका कुठवर भरला होता हे या जगात एकाच माणसाने पाहिलं होतं, आणि तो माणूस मी होतो.

मी जबानीत लिहून दिलं होतं ते असं: मी नाल्यावर पाणी प्यायला गेलो होतो, एक बार ऐकला, धावत आलो तर तानबा पडलेला होता.

झालं ते वेगळं. दिवस मावळायच्या बेताला होता. मी मचाणावर, तानबा खाली बांधाच्या आड पोत्यावर. त्याला मचाण आवडत नसे. डुक्कर ज्वारीतून निघालं. "थांब, जवळ येऊ दे," असा त्याने हात केला. मला माझ्या बॅटरीची घाई. अजून उजेड असताना मी बॅटरी लावली आणि बार काढला. डुकराच्या पुठ्ठ्यात छर्रे बसले, ते चवताळून गोल फिरलं. तानबाने गोळी झाडली, ती लागली पण डुक्कर पडलं नाही, ज्वारीत घुसलं. मी बंदूक बिजागरीशी मोडून उघडली. झाडलेलं काडतूस फुगून नळीत घट्ट बसलं होतं. नखांनी ओढलं, दातांनी ओढलं, निघेना. खाली तानबा पुन्हा बार भरत होता. शिंगातून दारू ओतली. चिंधी ठासली. ज्वारी हलायला लागली.

"लक्ष्मन, बार काढ!"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मचाणाला आठ पायऱ्या होत्या. कमरेला सुरा होता. मी काडतूस ओढत राहिलो. ते अडकलेलं आहे हे कळून चुकल्यावरही ओढत राहिलो, कारण तेवढं करत असलो तर खाली उतरावं लागत नव्हतं. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

डुक्कर निघून गेलं. अंधार पडल्यावर मी उतरलो. बंदूक त्याच्या हाताशी पडली होती. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

आणि आता ती बंदूक दर खेपेला त्याच जागी येऊन थांबत होती. मी रिकामी करायचो, तानबा पुन्हा भरायला बसायचा. दारू, चिंधी, आणि मग मान वर करून बघणं. रात्री झोप लागली की मला गज ठासल्याचा आवाज यायचा. कचेरीत साहेबांनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही.

दहाव्याच्या आदल्या रात्री तानबाच्या घरच्या रीतीप्रमाणे दिव्यापाशी पीठ चाळून पसरलं आणि वर टोपली झाकली. मेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला त्याचं पाऊल सकाळी पिठात दिसतं म्हणतात. मी पोचलो तेव्हा बायका वाकून पाहत होत्या. पाऊल नव्हतं. पिठाच्या मधोमध एक गोल खळगा होता, बोराएवढा.

"हे कोन्या जिवाचं पाऊल व्हय?" शेजारची म्हातारी म्हणाली. "साठ वर्सात असं पाऊल नाई पाह्यलं मी."

एक बाई पोराला कडेवर घेऊन मुकाट्याने निघून गेली.

माणसं नदीवर गेली. नलू शेजारी पाणी आणायला गेली. ऊन डोक्यावर आलं होतं आणि घरात मी, वहिनी आणि ती खांबाला टेकलेली बंदूक एवढेच होतो. मी गज सोडला. तीन बोटं. मी गज तसाच नळीत सोडून दिला.

"वहिनी," मी म्हटलं, "हे कोन भरून राह्यलं?"

"मी."

ती माझ्या समोर येऊन खाली बसली.

"तुमी सकायी रिकामी करता. मी दिवा लावला का भरतो. दारू टाकतो, चिंधी ठासतो. वीस वर्स त्यायच्यापाशी बसून पाह्यलं, मले येत नाई काय?"

"पण अर्धीच काऊन?"

"घरी आली तवा अर्धीच होती. त्याच राती गज टाकून पाह्यला म्या."

तिने कनवटीची गाठ सोडली आणि हात पुढे केला. तळहातावर शिशाची गोळी होती. तिला पीठ लागलेलं होतं.

"तोंडात तुळशीपान ठेवाले गेलो त गालात गोई सापडली. घाई राह्यली का थे गोई गालात धरत, थैलीत हात घालाचा येळ वाचे म्हनून. राती पिठावर ठेवली म्या. म्हटलं, आजची रात त्यायच्यापाशी राहू दे."

मी त्या गोळीकडे पाहत राहिलो.

"दोन बार आयकले म्या घरून, भाऊजी. एक त्यायचा. एक तुमचा. तुमच्या बंदुकीचा आवाज येगळा हाय, टाचकन् होते. तुमी कागदावर एकच लिहून देला. अन् तिसरा बार भरेलोक त्यायले येळ भेटला. मंग तुमी कोठी होते?"

"वहिनी, तुमी पयल्या दिवशीच इचाराचं होतं."

"इचारलं असतं त तुमी काईबी सांगतलं असतं. कारकून हाय तुमी. म्हटलं, बंदूकच इचारू दे."

मी सांगितलं. बॅटरीपासून सांगितलं. काडतूस, सुरा, आठ पायऱ्या, त्याची वर झालेली मान. रडायला मीच लागलो. ती जमिनीवरच्या सारवणाकडे पाहत होती. माझं संपल्यावर ती उठली, बंदूक उभी धरली, गोळी पदराला पुसून नळीत सोडली आणि गजाने ठासली. एकदा, दोनदा, तीनदा. हात बिलकुल हलला नाही.

"झाला बार," ती म्हणाली. "आता अर्ज लिहा."

"कायचा?"

"बंदुकीचा. माया नावानं. ज्वारी उभी हाय अजून. डुक्कर कोनाचा दिवा पाहून थांबत नाई. नलू तिच्या घरी जाईन. राखन मलेच करा लागन."

बाईच्या नावाचा परवान्याचा अर्ज माझ्या टेबलावर तोवर एकही आला नव्हता. पण पिशवीत कोरे अर्ज होते. मी ओसरीवर मांडी घालून लिहायला लागलो. नाव, गाव, शेत किती. चौथा रकाना होता: आधीचा परवानेवाला कसा मयत झाला. तिथे टाक थांबला. हा कागद साहेबांपुढे गेला की माझी जबानी खोटी ठरणार. खोटी जबानी देणाऱ्या कारकुनाचं काय होतं ते मला पुस्तक न उघडता ठाऊक होतं. वहिनी वाट पाहत बसली होती, गेले दहा दिवस बसली होती तशीच.

मी लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून समासात लिहिलं.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचायला लागलो. "मी लक्ष्मण, राहणार आर्वी, सदर वेळी मचाणावर हजर होतो. प्रथम बार मीच काढला. मयत तानबा यांनी मला हाक मारली. माझी बंदूक अडकलेली होती. माझ्याकडे सुरा होता. मी खाली उतरलो नाही."

"थे शेवटचं अजून एक डाव वाचा."

"मी खाली उतरलो नाही."

मग वहिनीने पदर सावरला आणि अंगठा पुढे केला.